सॉफ्टवेअर टीममध्ये नवीन लागलाय? सांगली-साताऱ्याच्या पोरापोरींसाठी पहिल्या दोन-तीन वर्षांचं गाईड

वालचंद असू दे, आरआयटी असू दे, कराडचं गव्हर्नमेंट नाहीतर साताऱ्यातलं एखादं कॉलेज, पहिली नोकरी लागली की घरचे पेढे वाटतात, व्हॉट्सॲपला स्टेटस पडतं आणि मग तुम्ही पुण्याच्या हिंजवडीतल्या पीजीत नाहीतर सांगलीच्या विश्रामबागेतल्या घराच्या वरच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसता, आणि तिथून पुढं काय करायचं ते कुणी धड सांगतच नाही. आपल्याकडच्या पोरांना कोडिंग कमी येतं असं मला तरी कधी वाटलं नाही. घोडं अडतं ते एकाच ठिकाणी, पोरं बोलत नाहीत. अडकली तरी बोलत नाहीत, काम डोक्यावरून गेलं तरी गप्प, आणि चांगलं काम केलं तरी गप्पच, आपोआप कळेल की साहेबांना म्हणून. आणि मग दीड-दोन वर्षांनी चिडून कंपनी बदलतात आणि नव्या ठिकाणी परत तेच सुरू. म्हणून खाली जे लिहिलंय ते सगळं कधी, कुणाला आणि काय बोलायचं याबद्दलच आहे, प्रमोशन पण त्यातूनच येतं आणि संध्याकाळी वेळेवर लॅपटॉप बंद करायला पण त्यातूनच जमतं.

पायरी १: जॉइन व्हायच्या आधी कागद नीट वाचा

ऑफर लेटरवरचा सीटीसी (कंपनी तुमच्यावर वर्षाला करणार तो एकूण खर्च) म्हणजे हातात येणारा पगार नव्हे, हे सगळ्यांना ऐकून माहीत असतं पण कागद कुणी वाचत नाही. बेसिकच्या १२ टक्के पीएफ तुमच्याकडून कापला जातो आणि कंपनीचा तेवढाच हिस्सा असतो तो बहुतेक ठिकाणी सीटीसीतच धरलेला असतो (त्यातला काही भाग पेन्शनच्या खात्याला जातो). ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) म्हणून बेसिकच्या ४.८१ टक्के दाखवलेले असतात, ते वर्षाला १५ दिवसांच्या पगाराच्या हिशोबाने येतात, आणि कायम नोकरीत ते मिळायला साधारण पाच वर्षं एकाच कंपनीत काढावी लागतात, म्हणजे तुम्ही दोन वर्षांत उडी मारणार असाल तर तो आकडा तुमच्यासाठी कागदावरच. प्रोफेशनल टॅक्स आपल्या राज्यात महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, असे वर्षाचे २,५००, आणि बायकांना महिना २५ हजारांपर्यंत पगार असेल तर तो लागत नाही, तेव्हा पोरींनो पहिली पगाराची स्लिप तपासा. व्हेरिएबल पे किती आणि तो कशावर ठरतो, बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडायचा करार) आहे का, नोटीस पिरियड ३० दिवसांचा की ९०, जॉइनिंग बोनस वर्षाच्या आत सोडलं तर परत द्यायचा का, हे प्रश्न एचआरला मेलवर विचारा. फोनवर नको, मेलवर. विचारलं म्हणून ऑफर कुणी काढून घेत नाही.

पायरी २: पहिला महिना

नवीन माणसाला सगळं माफ असतं, पण थोडेच दिवस. सहा महिन्यांनी विचारलं की "आपलं प्रॉडक्ट नक्की कोण वापरतं?" तर समोरचा बघतच राहील, पहिल्या आठवड्यात विचारलं तर वा म्हणेल. म्हणून बावळट वाटणारे सगळे प्रश्न आधीच संपवून टाका. पैसे कुठून येतात, क्लायंट कोण, प्रॉडक्शन (लोक वापरतात ती चालू सिस्टीम) पडलं तर पहिला फोन कुणाला जातो, कुठल्या फाईलला हात लावायला सगळे घाबरतात आणि का. सेटअप करताना जिथं जिथं अडलात ते लिहून ठेवा आणि टीमच्या सेटअपच्या पानात दुरुस्ती करून टाका, नवीन माणसाचं हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यांना दिसणारं पहिलं काम.

एक आपल्याकडचा खास प्रॉब्लेम. वडिलांच्या वयाच्या मॅनेजरला नावानं हाक मारायची म्हणजे जीभ वळत नाही. चॅटवर आणि इंग्लिश मीटिंगमध्ये सरळ नाव घ्या, तिथं तशीच पद्धत आहे, मराठीत बोलताना अहो-जाहो करा, कुणाला काही वाटत नाही. फक्त दर वाक्याला "येस सर" नको, कारण येस सर म्हणायची सवय लागली की "नाही सर, हे शुक्रवारपर्यंत होणार नाही" हे तोंडातून निघतच नाही.

पायरी ३: अडकलात तर पाऊण तासात सांगा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे, बाकी काही नाही वाचलं तरी हे वाचा.

एखाद्या एररवर पाऊण तास स्वतः झटा, लॉग वाचा, शोधा, एआयला विचारा, आणि तरी हललं नाही तर विचारा. पाऊण तास हा काही कायदा नाही, टीमप्रमाणे कमी-जास्त, पण दोन दिवस गप्प बसायचं आणि तिसऱ्या दिवशी स्टँडअपला (टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगला) "वर्किंग ऑन इट" म्हणायचं हे बंद. लीडला तुम्ही अडकल्याचा राग येत नाही, दोन दिवसांनी कळल्याचा येतो, कारण तोवर त्यानं वरती "गुरुवारी देतो" म्हणून शब्द दिलेला असतो.

विचारायची पण पद्धत आहे. "हाय" टाकून उत्तराची वाट बघत बसू नका, आणि "सर एरर येतोय" पण नको. काय करायला गेलात, काय व्हायला पाहिजे होतं, काय झालं, काय काय करून बघितलं, आणि तुमचा अंदाज काय, एवढं एका मेसेजमध्ये. एररचा मजकूर कॉपी करून, फोटो काढून नव्हे. असं लिहिताना निम्म्या वेळा उत्तर स्वतःलाच सापडतं. आणि शक्यतो टीमच्या चॅनलवर विचारा, एकेकाच्या पर्सनल चॅटवर नको. सगळ्यांसमोर विचारायची लाज वाटते हे खरं, इंग्लिश चुकेल असं वाटतं, पण तिथं व्याकरण कुणी तपासत नसतं, आणि पुढच्या वेळी तोच एरर दुसऱ्याला आला की शोधल्यावर तुमचाच मेसेज सापडतो.

एआयबद्दल एवढंच की त्यानं दिलेला कोड का चालतो हे तुम्हाला सांगता येत नसेल तर तो पुढं ढकलू नका, आणि कंपनीचा कोड कुठल्या टूलमध्ये टाकायला परवानगी आहे ते आधी विचारून घ्या.

पायरी ४: "किती दिवस लागतील?" ला उत्तर कसं द्यायचं

रात्री अकरा-अकरापर्यंत बसणाऱ्या पोरांपैकी बरीचशी क्लायंटमुळे बसत नाहीत, स्वतःच दिलेल्या एस्टिमेटमुळे बसतात. स्टँडअपला कुणी विचारलं, सगळे बघतायत, तोंडातून निघून गेलं "दोन दिवस". त्या दोन दिवसांत फक्त कोड लिहिणं धरलेलं असतं. टेस्ट लिहिणं, रिव्ह्यूला (दुसऱ्यानं कोड तपासायला) लागणारा एक दिवस, रिव्ह्यूनंतरचे बदल, क्यूएकडून (टेस्टिंगवाल्यांकडून) परत येणारे बग, डिप्लॉय (कोड सर्व्हरवर चढवणं), मधल्या मीटिंगा, हे कोण धरणार?

तर लगेच आकडा द्यायचा नाही. "बघून दुपारपर्यंत सांगतो" म्हणायचं, हे पूर्ण चालतं. मग कामाचे तुकडे पाडायचे, प्रत्येकाला तास लावायचे आणि एक आकडा न देता दोन द्यायचे: सगळं सुरळीत गेलं तर तीन दिवस, पेमेंटच्या एपीआयनं (पेमेंटवाल्यांच्या सिस्टीमशी जोडणाऱ्या दुव्यानं) त्रास दिला तर पाच. म्हणजे धोका कुठं आहे ते पण समोरच्याला कळतं. आणि पहिल्या दिवशीच वाटलं की पाचात पण होत नाही, तर पहिल्याच दिवशी सांगा.

वरून नवीन काम आलं तर सरळ "नाही" म्हणायला जमत नसेल तर असं म्हणा: "घेतो की, पण मग रिपोर्टचं काम पुढच्या आठवड्यात जाईल, चालेल का? कुठलं आधी करू?" यात तुम्ही नकार दिला नाही, निर्णय ज्याचा आहे त्याच्याकडं दिला. अगदी गोड माणसालाही हे जमतं. २००१ साली अमेरिकेत १७ जणांनी अजाइलचा (लहान लहान टप्प्यांत सॉफ्टवेअर करायच्या पद्धतीचा) जो जाहीरनामा लिहिला त्याच्या बारा तत्त्वांपैकी एक हेच सांगतं की टीमला कायम झेपेल असाच वेग ठेवावा. आता अजाइल अजाइल म्हणत दर स्प्रिंटला (कामाच्या काही आठवड्यांच्या टप्प्याला) शनिवार मागणारे लोक ते तत्त्व कुठं ठेवून विसरलेत देव जाणे.

पायरी ५: कोड रिव्ह्यू

तुमच्या पीआरवर (कोडातले बदल तपासायला टाकलेल्या रिक्वेस्टवर) वीस कमेंट पडल्या म्हणजे तुमचा अपमान झाला असं नाही. पीआर लहान ठेवा, हजार ओळींचा पीआर कुणी वाचत नाही, खाली "दिसतंय बरं" लिहून मोकळे होतात आणि बग प्रॉडक्शनला जातो. कमेंट पटली नाही तर कारण विचारा. आणि ज्युनियर असलात तरी सीनियरचे पीआर वाचा, नुसतं "हे असं का केलंय?" एवढं विचारलं तरी चालतं, कुठल्याही कोर्सपेक्षा जास्त शिकायला मिळतं.

शिकण्यावरून आठवलं, रात्री जागून सर्टिफिकेटं गोळा करत बसू नका. कर्मवीर अण्णांच्या साताऱ्यातल्या पोरांना कमवा आणि शिका वेगळं सांगायची गरज नाही, तर कामातच शिका. डेटाबेस शिकायचा असेल तर पुढच्या स्प्रिंटला स्लो क्वेरीचं (डेटाबेसमधून माहिती हळू येते ते सुधारायचं) तिकीट, म्हणजे काम, मागून घ्या. मागितलं तर मिळतं.

पायरी ६: घड्याळ आधीच ठरवून घ्या

क्लायंट अमेरिकेतला असेल तर हे समजून घ्या. आपलं घड्याळ वर्षभर एकच असतं, त्यांचं वर्षातून दोनदा हलतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते एक तास पुढं करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागं. म्हणजे न्यूयॉर्कची सकाळी दहाची मीटिंग उन्हाळ्यात आपल्याकडं संध्याकाळी साडेसातला असते, हिवाळ्यात तीच साडेआठला. कॅलिफोर्नियाची दहाची तर साडेदहा आणि साडेअकरा, रात्रीचे. इंग्लंडवाले मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, त्यामुळं दोन्हीकडचे लोक एकाच मीटिंगला असतील तर मार्चात मधले दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरच्या शेवटी एक आठवडा नुसता गोंधळ असतो. नवीन पोरं नोव्हेंबरात गप्प एक तास उशिरापर्यंत बसायला लागतात आणि ते तसंच चालू राहतं. तसं करू नका, ऑक्टोबरातच टीममध्ये विषय काढा की मीटिंग त्यांच्या नऊला घेता येईल का, क्लायंटला हे बहुतेक लक्षातच आलेलं नसतं.

आणि रात्री दहापर्यंत कॉल असेल तर सकाळी नऊला ऑनलाईन यायचं नाही. हे मनातल्या मनात ठरवून उपयोग नाही, मॅनेजरला सांगून, कॅलेंडरवर कामाचे तास एक ते दहा असे टाकून करायचं. लोक कॅलेंडर बघतात, मन नाही बघत.

ऑन-कॉल (वेळीअवेळी सिस्टीम बिघडली तर धावायची पाळी) असेल तर तीन गोष्टी विचारा: पाळी किती आठवड्यांनी येते, रात्री उठावं लागलं तर दुसऱ्या दिवशी सवलत काय, आणि आपल्याला नाही जमलं तर दुसरा नंबर कुणाचा. टीममध्ये दोघंच असतील आणि आठवड्याआड पाळी येत असेल तर ते फार दिवस झेपणार नाही, तिसऱ्या माणसाला तयार करायला सुरुवात करा. आणि शुक्रवारी संध्याकाळी रिलीज करू नका. तुमची सांगलीची गाडी आहे म्हणून तर अजिबात नाही.

पायरी ७: गावाकडून काम करताना

घरून काम मिळालं की भाडं वाचतं, आईच्या हातचं जेवण मिळतं, हे सगळं खरं. पण "घरीच आहेस की" हे वाक्य दिवसातून चारदा ऐकायची तयारी ठेवा. गॅसवाला आला, पाहुणे आले, आजीला डॉक्टरकडं न्यायचंय, मार्केट यार्डात वडिलांना सोडायचंय. घरच्यांची चूक नाही, त्यांना खुर्चीत बसलेला माणूस दिसतो, कामावर गेलेला दिसत नाही. मीटिंगच्या वेळा कागदावर लिहून दाराला चिकटवा, आणि दुपारी एक तास घरच्या कामाला म्हणून देऊनच टाका, मग उरलेला वेळ मागायला तोंड राहतं. संध्याकाळी लॅपटॉप उचलून कपाटात ठेवा, बेडरूममध्ये उघडा राहिला तर रात्री साडेअकराला पण हात जातोच.

लाईटचं आणि नेटचं आधी बघा. इन्व्हर्टरवर राउटर जोडलेला आहे का ते तपासा, बऱ्याच घरी पंखा-दिवे असतात आणि राउटरच राहिलेला असतो. ब्रॉडबँड एका कंपनीचं असेल तर मोबाईलचं सिम दुसऱ्या कंपनीचं घ्या, दोन्ही एकदम जायची शक्यता कमी. आणि सांगलीत नदीकाठी राहत असाल तर पावसाळ्याची तयारी वेगळी. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाण्याची पातळी ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट धोका. पाणी तीसच्या पुढं चाललं की टीमला सांगून ठेवा, चालू कामाची ब्रांच पुश करा (झालेला कोड सर्व्हरवर चढवून ठेवा), कुठलं काम कुठवर आलंय ते चार ओळीत लिहा आणि ऑन-कॉलची पाळी बदलून घ्या. पुण्यातल्या मॅनेजरला पूर म्हणजे काय ते सांगितल्याशिवाय कळत नाही.

आठवड्यातून दोन-तीन दिवस ऑफिस असेल तर सांगली-सातारा-पुणे गणित नीट मांडा. सातारा ते पुणे साधारण ११० किलोमीटर, त्यात हिंजवडी पुण्याच्या पार दुसऱ्या टोकाला, रोज जाऊन-येऊन करणारे लोक आहेत, पण मला विचाराल तर हा वेडेपणा आहे, दोन वर्षांत पाठ जाते. ऑफिसचे दिवस सलग मागून घ्या, मंगळ-बुध-गुरु असे, आणि तेवढ्या रात्रींपुरती पुण्यात सोय करा. सोमवारी पहाटे निघून खंबाटकी घाटात अडकलं की दहाचा स्टँडअप गाडीतूनच, मागं ट्रकचे हॉर्न.

पायरी ८: वही ठेवा आणि मॅनेजरशी बोला

दर शुक्रवारी पंधरा मिनिटं काढून या आठवड्यात काय केलं ते लिहा. "बग फिक्स केले" असं नको. "इनव्हॉइसचं पान उघडायला आठ सेकंद लागायचे, आता तीन लागतात, सपोर्टच्या तक्रारी थांबल्या" असं. कुणाला मदत केली ते पण लिहा, नवीन आलेल्या पोराला दोन दिवस शिकवलं हे जिरामध्ये (कामांची नोंद ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) कुठं दिसत नाही. कोड किंवा क्लायंटची माहिती त्यात घेऊ नका, स्वतःच्या मेलवर तर मुळीच पाठवू नका, नोकरी जाऊ शकते.

वन ऑन वन मीटिंग (मॅनेजर आणि तुम्ही, दोघांचीच) म्हणजे स्टेटस द्यायची जागा नाही, स्टेटस जिरावर आहे. तिथं विचारा: "पुढच्या लेव्हलला जायला माझ्यात काय कमी दिसतं? या सहा महिन्यांत कुठलं काम केलं तर ते दिसेल?" उत्तर आलं की संध्याकाळी तीन ओळींचा मेल टाका, आज असं असं बोललो म्हणून. मॅनेजर बदलतात, कधी कधी अप्रेझलच्या (वर्षाच्या कामाच्या मूल्यमापनाच्या) महिनाभर आधी बदलतात, आणि नव्या माणसाला तुमच्याबद्दल त्या मेलमध्ये असेल तेवढंच कळणार असतं.

पायरी ९: सुट्टी

दिवाळीची सुट्टी ऑगस्टमध्ये टाका. गणपतीची जूनमध्ये. सगळी टीम मराठी असेल तर सगळ्यांनाच पाहिजे असते आणि जो आधी टाकतो त्याला मिळते. अमेरिकेचा क्लायंट असेल तर नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी त्यांचं थँक्सगिव्हिंग, मग ख्रिसमस, तेव्हा काम मंदावतं, मोठी ट्रिप तेव्हा काढा. आणि घरी लग्नकार्य असलं की लॅपटॉप बरोबर नेऊन मांडवात मीटिंग घेणारे वीर असतात, तसं करू नका. सुट्टी म्हणजे सुट्टी, जाताना काम कुणाकडं दिलंय ते लिहून जायचं, बास.

पायरी १०: अप्रेझल आणि पुढचा रस्ता

अप्रेझलच्या फॉर्ममध्ये आपल्याकडची पोरं स्वतःला कमी मार्क देतात, संस्कार आडवे येतात. वहीतलं सगळं तिथं टाका, आकड्यांसकट. पगारवाढीबद्दल मार्चमध्ये बोलून उपयोग नाही, तोवर बजेट ठरलेलं असतं, डिसेंबर-जानेवारीत बोला. मॅनेजर होणं हाच एक रस्ता आहे असं घरच्यांना वाटतं, हाताखाली किती माणसं आहेत हे पाहुण्यांना सांगता येतं ना. पण बऱ्याच कंपन्यांत टेक्निकल लाईन वेगळी असते, सीनियर, लीड, आर्किटेक्ट, आणि पगार काही कमी नसतो. लोकांचे प्रश्न सोडवायला आवडत नसेल तर तिकडं जा.

पायरी ११: प्रकरण हाताबाहेर गेलं तर

एखादं रिलीज असलं की आठवडाभर उशीर होतो, ते चालतं. तीन महिने रोज होत असेल तर तारखा आणि तास लिहून ठेवा, आधी मॅनेजरशी बोला, मग त्याच्या वरच्याशी, मग एचआर. झोप उडाली, रविवारी संध्याकाळपासून छातीत धडधडायला लागलं तर डॉक्टरला दाखवा, टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. पोरींसाठी: २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसात अंतर्गत समिती पाहिजेच, लैंगिक छळाची लेखी तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते, आणि रात्री चॅटवर येणारे घाण मेसेज पण त्यात धरतात. स्क्रीनशॉट काढून ठेवा, डिलीट करू नका.

पायरी १२: सोडायचं ठरलं तर

हातात दुसरं ऑफर लेटर आल्याशिवाय राजीनामा नको, तोंडी शब्दावर तर नाहीच. नुसत्या पगारासाठी वर्षाला एक उडी असं तीन-चारदा झालं की मुलाखतीत तेच विचारत बसतात. काउंटर ऑफर (थांबावं म्हणून जुन्याच कंपनीची जास्तीची ऑफर) आली तर स्वतःला विचारा की सोडायचं कारण पैसा होतं का दुसरं काही, दुसरं असेल तर ते तिथंच राहणार आहे.

नोटीस पिरियडमध्ये हातातल्या कामाचं नीट लिहून द्या, आयटीतलं जग लहान आहे आणि सांगली-साताऱ्याच्या लोकांचं त्याहून लहान. रिलीव्हिंग लेटर, एक्सपिरियन्स लेटर, शेवटच्या स्लिपा आणि टॅक्स कापल्याचा दाखला (फॉर्म १६) मागून घ्या. पीएफ काढून गाडी घ्यायचा मोह होतो, तो नको, पाच वर्षांच्या आत काढला तर टॅक्स लागतो. यूएएन (पीएफचा तुमचा कायमचा नंबर) तोच ठेवून नव्या कंपनीत ट्रान्सफर केला तर आधीची वर्षं मोजली जातात. ट्रान्सफरची रिक्वेस्ट टाकायच्या आधी जुन्या कंपनीनं पीएफच्या पोर्टलवर तुमची सोडल्याची तारीख भरलीय का ते बघा, तिथंच बहुतेकांचं अडकतं.